शेवटच्या रांगेत ऐकलेलं गाऱ्हाणं

आमच्या गावात एक आपरो आहे. मधे काही वर्षं 'होता' म्हणायची पाळी येऊ घातली होती. ती टळली ती माझ्या एका चुकीमुळे, आणि मराठीची बाई म्हणून गावभर मिरवणाऱ्या माझ्यासारखीला ते कबूल करायला इतकी वर्षं लागली.

आपरो म्हणजे नाट्यगृह. फाटकावरच्या चिऱ्यात 'संगीत नाट्यगृह' अशी अक्षरं कोरलेली आहेत, पण ती वाचतो कोण? गलबतांचा धंदा करणाऱ्या एका शेठने कधीकाळी मुंबईत साहेब लोकांचं ऑपेरा हाऊस पाहिलं, आणि असंच आपल्या बंदरावर हवं म्हणून हट्ट धरून हे बांधलं. गावाने तो इंग्रजी शब्द तोंडात घोळवला आणि आमच्याकडे घोडो, वाडो, पडदो म्हणतात त्याच चालीवर त्याचा आपरो करून टाकला. एकदा पुण्याच्या एका बाईंनी मला सगळ्यांदेखत सुधारलं, "ऑपेरा म्हणा हो." मी म्हटलं, "तुमचा ऑपेरा असेल. आमचो आपरोच."

भिंती चिऱ्याच्या, कौलं मंगलोरी, आणि मंचाला नि छपराला साग वापरला तो शेठच्याच एका मोडीत काढलेल्या गलबताचा. वरच्या सज्जाला पेलणारे बारा खांब लोखंडी मागवले होते. ते समुद्रावाटे आले. उतरवताना एक हातातून सुटला आणि खाडीच्या तोंडाशी बुडाला तो बुडालाच. अजूनही तिथे कुणाचं जाळं अडकलं की होडीतले म्हणतात, "आपऱ्याचो खांब लागलो." त्या बाराव्याच्या जागी सुतारांनी फणसाचा खांब कोरला आणि काळा रंग देऊन इतका बेमालूम उभा केला की डोळ्यांना पत्ता लागत नाही. बोटाने टकटक करावी लागते. मंचाखाली सात मोठे रांजण तोंड वर करून पुरले आहेत, आवाज घुमावा म्हणून. सज्जाच्या डाव्या अंगाला लाकडी जाळी, तिच्यामागे बायकांची जागा. आणि मंचावर तो पडदा. शिडाच्या कापडावर रंगवलेला राजवाडा, त्याची बाग, कारंजी. रंगवणाऱ्याने राजवाडा बहुधा पाहिलेला नसावा, कारण बागेत मधोमध एक माड उभा आहे.

त्या पडद्याचा दोर माझ्या बाबांच्या हातात होता. त्यांच्याआधी आजोबांच्या, त्यांच्याआधी पणजोबांच्या. दिवसा होडी, नाटक असेल तेव्हा दोर. शेठने पडदा ओढायला मुद्दाम शीड चढवणारी माणसं नेमली होती, कारण एवढं जड कापड न अडखळता वर नेणं दुसऱ्या कुणाला जमेना. होडीतल्या गाठी, होडीतलेच हुकूम. पडद्यामागे शीळ घालायला सक्त मनाई, कारण शीळ घातली की वारा उठतो. मोठमोठ्या नटांनाही बाबांनी यावरून दम भरलेला मी स्वतः ऐकला आहे.

बाबांनी चाळीसेक वर्षं नाटकं केली आणि समोरून एकही पाहिलं नाही. दोर बांधायची खुंटी मंचाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात. तिथून दिसायच्या त्या नटांच्या पाठी. आई मात्र मासे विकून आली की अंग धुऊन, अबोलीचा वळेसर माळून, जाळीमागे पहिल्या बाकावर. तिने एक नाटक सोडलं नाही. मग घरी चुलीपाशी बसून बाबा तिला विचारायचे, "तो बापाशीक सोडून गेलो, तेव्हा तेचा तोंड कसा झाला गो?" आणि आई तोंड करून दाखवायची. राजाचं, राणीचं, कपटी प्रधानाचं. आम्ही पोरं पोट धरून हसायचो. बाबा हसायचे नाहीत. लक्ष देऊन बघायचे.

मी म्हणायची, "बाबा, एक दिवस समोर बसा. दोर दुसरो कोण ओढीत."

"कोण?" ते विचारायचे, आणि तिथेच विषय संपायचा.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी आपऱ्याला कुलूप लागलं. पावसाळ्यात पश्चिमेकडची चार-पाच कौलं खाली रिकाम्या खुर्च्यांवर आली आणि कारभार बघणाऱ्या मंडळाने नाटकं बंद केली. पडदा खाली होता तो तसाच राहिला. आता बाबांना ना दोर राहिला, ना तोंड करून दाखवणारं माणूस. तरी दर सोमवारी ते आपऱ्यात जाऊन दोराला तेल लावून यायचे. मला त्याचा राग यायचा. बंद घराच्या दोराला तेल कशाला, असं मी एकदा बोलूनही गेले. त्यावर ते तेलाची बाटली उचलून चालू लागले आणि मला जेवण गोड लागलं नाही.

त्याच सुमाराला कोकण रेल्वे सुरू झाली आणि गावात पाहुणे यायला लागले. किल्ला बघायचा, सुरमई खायची, वाळूत बसायचं, आणि उरलेल्या वेळात काय? कुणीतरी त्यांना आपरो दाखवायला लागलं. मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, तुमची भाषा चांगली. रविवारी सकाळी जरा माहिती सांगत जा."

मी सांगायला लागले, आणि खरं सांगते, मला त्याची चटक लागली. आधी फाटकावरची अक्षरं. मग आत काळोखात दोन मिनिटं नुसतं उभं करायचं, डोळे सरावेपर्यंत. सागाचा, जुन्या तेलाचा आणि समुद्राच्या ओलीचा तो वास पाहुण्यांना आधी कळत नाही, मग कळतो. मग मी बाजूची दारं उघडायची आणि खांब दिसायचे. "यातला एक खोटा आहे. शोधा." लहान मुलंच काय, पोट सुटलेले बापेही टकटक करत फिरायचे. शेवटी सगळ्यांना मागे, अगदी शेवटच्या रांगेत नेऊन बसवायचं आणि आपण मंचावर पडद्यासमोर उभं राहून कुजबुजायचं, "इथे मी हळूच बोलले तरी तुम्हाला तिथे ऐकू येतं." मागून टाळ्या यायच्या. मी मात्र ते कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या रांगेत बसून मंचावरचं ऐकायचं तर मंचावर दुसरं कुणी हवं.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका पावसाळ्यानंतर मंडळाने ठरवलं की इमारत धोक्याची झाली आहे, पाडून टाकावी आणि तिथे दुकानांचे गाळे काढावेत. रीतीप्रमाणे लोकांचं म्हणणं ऐकायला एक बैठक ठेवली. घाटावरून एक इंजिनिअर येणार, तो बघून लिहील ते अखेरचं. बैठकीची नोटीस लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे.

वाटेत माहेरी जाऊन मी बाबांना सांगितलं. ते जाळं विणत होते. हात थांबला नाही, पण गाठ चुकली. चुकलेली गाठ त्यांनी सोडवली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली. बाबांची गाठ चुकलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तेव्हा मला कळलं की हा माणूस सहा वर्षं दोराला तेल का लावत होता. आपरो गेला असता तर ते मेलेच असते असं नाही. पण कशाची तरी वाट बघणं संपलं असतं. आणि त्या वयात तेवढंच उरलेलं असतं.

मी कंबर कसली. कायद्यात 'हरकती' असा शब्द असतो, पण हरकती म्हटलं तर आमच्या बाजारातल्या बायका येतील का? सोपा, घरगुती शब्द हवा. मी लिहिलं, "नाट्यगृह पाडण्याबाबत ज्यांचे गाऱ्हाणे असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता नाट्यगृहात यावे." स्वतःवर खूश होऊन ती नोटीस देवळाच्या, मासळी बाजाराच्या आणि बंदराच्या फळ्यावर लावली. हरकतींचे पन्नास नमुने टाईप करून घेतले. नाव, पत्ता, हरकत, सही. वर्गातल्या मुलांना सांगून आयांना सह्या गिरवायला बसवलं.

रविवारी दहाला आपरो भरला. होड्या बंद ठेवून माणसं आली होती. पण त्यांच्याकडे बघितलं आणि मी जागीच थबकले. धुतलेली धोतरं, ठेवणीची लुगडी, केसांत अबोली. हातांत नारळ, तांदूळ, उदबत्त्या. कुणी केळीचं पान आणलेलं.

"नारळ कित्याक?" मी पुढच्या बाईला विचारलं. ती आईच्या शेजारी बसून मासे विकायची.

"तुमीच लिवलात मां, बाई? गाऱ्हाणा म्हणान."

मी कपाळावर हात मारला. शाळेच्या पुस्तकातलं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्या गावातलं गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर सगळ्यांनी मिळून घातलेलं साकडं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नवी होडी पाण्यात घालताना, जत्रेला, लग्नाला, गाऱ्हाण्यावाचून आमचं पान हलत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? माझं माहेरही इथलंच आणि सासरही इथलंच. पण नोटीस लिहायला बसले की मी बाई होते आणि बाईला पुस्तकातला अर्थ आधी आठवतो.

मी नमुने वाटायला लागले तर कुणी घेईना. "आदी गाऱ्हाणा, मगे कागद." पुढे टेबलाशी अध्यक्ष आणि इंजिनिअर बसले होते. इंजिनिअर घड्याळ बघत होता. हे लोक तक्रार करायला आले नाहीत, सबब कुणाची हरकत नाही, असं लिहून तो दुपारच्या गाडीने जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि हे सगळं माझ्या एका शब्दाने. रडू यायच्या आत मी तरातरा मागे गेले आणि शेवटच्या रांगेत, खांबाआड जाऊन बसले.

गाऱ्हाणं घालायचा मान गावातल्या एका घराचा. त्या घरचे काका तापाने अंथरुणावर होते. कुजबुज सुरू झाली. मग कुणीतरी म्हणालं, "आपऱ्यातला गाऱ्हाणा आपऱ्याच्याच माणसान घालूचा." आणि सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबा सवयीने पडद्याच्या मागच्या बाजूला चालू लागले. लोकांनी त्यांना धरून पुढे आणलं. जन्मात पहिल्यांदा ते पडद्यासमोर उभे राहिले. मागे तो राजवाडा, तो माड. नारळ पुढ्यात ठेवला, टोपी काढली, हात जोडले. माणूस होडीत ओरडणारा, पण आता आवाज अगदी हळू होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या धन्या..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां तुज्याकडे इली आसत. वाडवडलांनी गलबत मोडून हो आपरो उभो केलो. आमच्या हातसून तेची राखण झाली नाय, ती चूक पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण हेच्यार हातोडो उगारीत, तेचा वायट करू नको. तेका बरी बुद्धी दी..."

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात आलं. अध्यक्ष खुर्चीत सरळ झाले.

मग बाबा थांबले. मला वाटलं संपलं. पण ते आणखी हळू, जवळजवळ स्वतःशीच बोलले, आणि तिथे शेवटच्या रांगेत मला त्यातलं अक्षर न् अक्षर ऐकू आलं. वर्षानुवर्षं मी पाहुण्यांना सांगत आले होते ते खरं होतं.

"आणि म्हाराजा... मी पाठीसून खूप बघलंय. माका एकदा, एकच नाटक, समोरसून बघूक मिळूंदे."

गाऱ्हाण्यात स्वतःसाठी मागत नाहीत. ते गावाचं असतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग ती मासेवाली बाई, आईची शेजारीण, एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि तिच्यामागून सगळा आपरो इतक्या जोराने म्हणाला की मंचाखालच्या रांजणांतून तो आवाज घुमत वर आला. मीही म्हटलं. रडत म्हटलं, लपवायचं काय त्यात.

वरून माती पडली.

"बघा," अध्यक्ष उठून म्हणाले, "नुसत्या ओरडण्याने माती पडायला लागली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मेलं, म्हटलं, देवाने गाऱ्हाणं उलटंच ऐकलं. पण इंजिनिअर मान वर करून बघत होता. माती पडली ती पश्चिमेच्या दारावर, तेवढ्याच एका कोपऱ्यात. बाकी धुळीचा कण नाही. त्याने विचारलं, "वर जायला वाट कुठून आहे?"

वाट पडद्यामागून होती आणि ती बाबांनाच माहीत होती. वर माळ्यावर ते वाकून पुढे, मागे इंजिनिअर, त्यामागे मी. होडीची फळी विकत घेताना ठोकून बघतात तसं बाबांनी सुरीच्या मुठीने प्रत्येक तुळई ठोकली आणि कान लावला. "ही बरी. ही बरी. ही बरी." पश्चिमेला पोचल्यावर आवाज बदलला, मलासुद्धा कळलं. "ही कुसली. ही पण. ही पण." इंजिनिअरने आपल्या हत्याराने तिथेच टोचून पाहिलं. मग बऱ्या म्हटलेल्यांपैकी चारपाच टोचून पाहिल्या. भला माणूस होता. त्याने बाबांना विचारलं, "आपण सुतारकाम करता का?"

"नाय," बाबा म्हणाले. "पडदो ओढतंय."

खाली येऊन त्याने लिहिलं की छपराच्या तीन तुळया आणि पश्चिमेची कौलं बदलावीत, इमारत पाडण्याचं कारण दिसत नाही. बैठकीच्या कागदात एक रकाना होता, आलेल्या हरकतींचा. त्याने मला विचारलं, "बाई, यात काय लिहू?" मी म्हटलं, "एक. सर्वांची मिळून." त्याने तसंच लिहिलं. माझे पन्नास नमुने कोरेच राहिले. पुढे त्यांच्या पाठीवर मी मुलांची शुद्धलेखनाची चाचणी घेतली.

दुरुस्तीला वर्षं गेली, कारण आमच्याकडे घाई फक्त जेवायला बसताना होते. मिठबावच्या होडी बांधणाऱ्या सुतारांनी तुळया बसवल्या. मुंबईला नोकरीला असलेले गणपतीत आले की दोन दिवस घमेली उचलायचे. अध्यक्षही उचलायचे. त्यांच्यावरचा माझा राग त्या घमेल्यांपाशी कुठेतरी मावळला. या सगळ्यात बाबांचे हात मात्र थकले. दोन्ही खांदे धरले, दोर खेचवेना.

"आता कोण ओढतलो?" मी विचारलं. हा त्यांचाच जुना प्रश्न होता.

"तू," ते म्हणाले.

मी पस्तिशी ओलांडलेली, हातात खडूशिवाय काही न धरलेली. सहा महिने त्यांनी मला रडवलं. "हातान नको ओढू गो चेडवा, आंगान ओढ. घाई कित्याक? शीड काय फाडूचा आसा?" तळहात सोलले. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू धरवेना. एकदा दमून मी शीळ घातली तर ते इतके चिडले की दोन दिवस बोलले नाहीत.

दोन हजार दहा उजाडायच्या थोडं आधी, एका रविवारी दुपारी चार वाजता आपरो उघडला. गावातल्याच हौशी मंडळींचं संगीत नाटक, पेटी बांद्याहून मागवलेली. बाबांना तिसऱ्या रांगेत मधोमध बसवलं. नवी टोपी, इस्त्रीचा सदरा. मी पडद्यामागे, खुंटीपाशी. तिसरी घंटा झाली आणि मी अंगाने ओढलं. पडदा वर गेला तो न अडखळता. मला दिसल्या त्या पाठी. राजाची पाठ, घामाने भिजलेली. राणीची पाठ, तिथे टाचण्या लावलेल्या. समोर लोक हसले की मला कळायचं काहीतरी झालं. काय झालं ते कळायचं नाही. तीन तास मी बाबांच्या जागी उभी होते आणि चुलीपाशी बसून ते आईला ते प्रश्न का विचारायचे ते मला तेव्हा कळलं.

नाटक संपल्यावर लोक उठले, बाबा बसूनच होते. मी समोर जाऊन शेजारच्या खुर्चीत बसले. हात जळजळत होते.

"कसा झाला?"

त्यांनी नवी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुजी आवस बरोब्बर करून दाखवी गो. सगळी तोंडां अगदी तशीच होती." आणि उठता उठता, "पडदो मात्र तू घाईत पाडलंस."

मी अजून रविवारी पाहुण्यांना आपरो दाखवते. आता बाबाही येतात. फाटक, काळोख, खोटा खांब, सगळं होईपर्यंत ते शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले असतात. मी पाहुण्यांना त्यांच्या बाजूला बसवते, मंचावर येते आणि मला स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणते, "बाबा, ऐकू येता?"

आणि मागून, जरासुद्धा आवाज न चढवता, उत्तर येतं.

"व्हय म्हाराजा."